सासूबाईंना मुंबई दाखवायची आहे, कधी नेऊ?

पत्र

काकू, नमस्कार. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. घरात मी, मालक, सासूबाई आणि दोन मुलं. मोठी सहावीला, धाकटा तिसरीला, दोघंही गावच्या मराठी शाळेत. मामंजी लालबागला गिरणीत कामाला होते. संपानंतर गावाकडे आले ते परत गेलेच नाहीत. चार वर्षांमागं वारले. त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं सासूबाई इकडं शेत आणि म्हशी सांभाळत राहिल्या, मुंबई कधी बघितलीच नाही. आता म्हणतात, "एकदा समुद्र बघायचा आणि ते राहत होते ती खोली बघायची." वय ६८, गुडघे दुखतात, थंडीत थोडा दमा उठतो. मालक म्हणतात मे महिन्यात जाऊ, मुलांना सुट्टी असते. डोंबिवलीचे धाकटे दीर म्हणतात गणपतीत या, खरी मुंबई तेव्हाच. शेजारची वहिनी म्हणते पावसात जावा, मरीन ड्राइव्ह बघण्यासारखा असतो. दिरांचा मुलगा यंदा दहावीला आहे. कुणाचं ऐकू? एकाचं ऐकलं की दुसरा रुसतो.
एक सून, खानापूर तालुका

उत्तर

ताई, तिघांनी तीन हंगाम सुचवले आणि सासूबाईंचे गुडघे एकानेही हिशोबात धरले नाहीत. म्हणून आधी माझं मत सांगून टाकते, कारणं मग. २६ जानेवारीची गर्दी ओसरली की लगेच निघा. म्हणजे जानेवारीचे शेवटचे दिवस ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. मुलांची शाळा चार दिवस बुडेल. बुडू दे की! बाईंना आधी सांगून ठेवा. सहावी आणि तिसरीच्या मुलांचं चार दिवसांत काही बिघडत नाही.

आता मालकांचा मे. त्यांच्या डोक्यात काय असणार ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे एप्रिल-मेत पारा ३५-३६ पर्यंत जातो, मुंबईत तर ३३-३४ असतो, मग घाबरायचं कशाला? हा आकडा फसवा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ २,५०० फूट उंचीवर. दुपारी भाजून निघालो तरी हवा कोरडी असते, आणि संध्याकाळी वळवाची एक सर पडून गेली की रात्री पायावर पांघरूण ओढावं लागतं. मुंबईत मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २६-२७ च्या खाली उतरायला तयार नसतो. हवेत दमटपणा एवढा, की अंगावर आलेला घाम वाळतच नाही. घाम वाळतो म्हणून तर अंग थंड होतं. तो तसाच निथळत राहिला की माणूस बसल्या जागी गळून जातो, आणि म्हाताऱ्या माणसाला ते लवकर सांगताही येत नाही.

हे पुस्तकातलं सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आईला मुंबईला नेलं ते ऑक्टोबरमध्ये. मुलांना दसऱ्याची सुट्टी होती ना! इथं आपली एक गंमत आहे, ती महाराष्ट्रातल्या पाहुण्यांच्या चटकन लक्षात येत नाही. आपल्या मराठी शाळासुद्धा कर्नाटकाच्या वेळापत्रकावर चालतात. मोठी सुट्टी दसऱ्याची, दिवाळीला मोजके दिवस. उन्हाळ्याची सुट्टी १०-११ एप्रिलला लागते आणि मे संपता संपता शाळा उघडते. म्हणजे आपल्या मुलांच्या दोन्ही मोठ्या सुट्ट्या नेमक्या मुंबईच्या दोन वाईट हंगामांवर येतात. पाऊस परतला की मुंबईत वारा पडतो, आभाळ मोकळं होतं, जमीन ओलीच असते आणि ऊन चढतं. तीच ती ऑक्टोबर हीट. दादरच्या पुलावर अर्ध्या जिन्यात आई खाली बसली. पदर पिळला असता तर पाणी गळलं असतं. लोक तिला वळसा घालून धावत होते आणि ती मला म्हणाली, "पोरी, समुद्र फोटोत बघते मी. मला घरी ने." त्या फेरीत तिने समुद्र बघितला तो टॅक्सीच्या खिडकीतून. चूक सगळी माझी होती. मी सुट्टी बघितली, आई बघितली नाही.

त्यात मे महिन्यात आणखी एक घोळ. शाळा सुटल्या की अख्खी मुंबई गावाकडे येते. चंदगड, आजरा, खानापूर, सगळीकडे लग्नं आणि यात्रा. तुमच्या पंचक्रोशीत त्या वर्षी लक्ष्मीची यात्रा असली तर दीरच गावाला येतील आणि तुम्ही डोंबिवलीत कुलूप बघत बसाल. परतीच्या चाकरमान्यांनी महिनाअखेरीला गाड्या भरतात ते वेगळंच. आणि मालकांना एक विचारा. धूळवाफ पेरणीच्या दिवसांत ते चौपाटीवर निवांत बसतील? मला नाही वाटत. आभाळात ढग दिसला की गावाकडे फोन लावतील.

मार्चही नको. मार्चमध्ये जमिनीवरून येणारा कोरडा पूर्वेचा वारा दुपारपर्यंत समुद्राच्या वाऱ्याला आत येऊ देत नाही, आणि अशा दिवशी मुंबईतही पारा ३८-३९ वर जातो.

दिरांचा गणपती. त्यांचं चूक नाही, मुंबई तेव्हा नटलेली असते. पण लालबागच्या राजाची रांग तासन्तास चालते, कधी कधी रात्र निघते त्यात. ६८ वर्षांच्या बाईला गुडघे धरून तिथं उभं करायचं? सासूबाईंना लालबाग बघायचं आहे ते मामंजींसाठी. त्या दहा दिवसांत लालबागच्या गल्ल्यांत माणसांच्या डोक्यांपलीकडे काही दिसत नाही, चाळ कुठली दिसायची! शिवाय घरचा गणपती कुणाच्या भरवशावर सोडणार? मिरवणूकच बघायची असेल तर बेळगावची काय कमी आहे? कपिलेश्वर तलावावर दुसऱ्या दिवशीपर्यंत विसर्जन चालतं आणि दुपारच्या बसने घरी परत येता येतं.

शेजारच्या वहिनींना मात्र माझा नमस्कार सांगा. जांबोटी-कणकुंबीच्या माणसाने पाऊस बघायला मुंबईला जायचं म्हणजे कमाल झाली! मरीन ड्राइव्हवर भरतीच्या लाटा उडतात, ते दृश्य मोठं आहे, नाही म्हणत नाही. पण ते दोन तासांचं. उरलेला वेळ ओल्या चपला आणि रेल्वेचे उशीर. जुलैत एकट्या मुंबईत आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तो दिवस तर दीर अजून सांगत असतील. एरवीही जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की सखल भागातलं पाणी समुद्रात उतरत नाही, रुळांवर चढतं आणि लोकल जागच्या जागी थांबतात. पुण्याच्या पुढे बोरघाटात दरड आली तर आपल्या गाड्याही अडकतात. आणि तुमच्याकडे तर तेव्हा रोप लावणीची घाई. विषय संपला.

राहिली थंडी. मुंबईची थंडी म्हणजे काय, पहाटे १६-१७, दुपारी ३०-३१. आपल्या मानाने ती थंडी नव्हेच. स्वेटर गाडीत लागेल, तिथं लागणार नाही. घाम कमी, चालायला बरं, मुलांना भूक लागते. पण सगळे सांगतात तशी ती निर्दोष नाही. दम्याच्या माणसाला घेऊन जाताय म्हणून हे नीट ऐका. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत मुंबईत वारा मंद असतो. बांधकामांची धूळ आणि गाड्यांचा धूर वर उडून जात नाही, खालीच साचतो. सकाळी समोरची इमारत पिठात बुडवल्यासारखी दिसते. लोक त्याला धुकं म्हणतात. ते आपल्या जांबोटीच्या घाटातलं धुकं नव्हे, नाकात गेलं की कळतं. म्हणून मी डिसेंबर न सांगता जानेवारीअखेर सांगितली. हवा तेव्हा हळूहळू मोकळी व्हायला लागते आणि उकाडा अजून लांब असतो. तरी सासूबाईंना सकाळी नऊच्या आधी बाहेर काढू नका. पंप घेत असतील तर तो तुमच्या पर्समध्ये हवा, सीटखालच्या बॅगेत नव्हे. निघण्याआधी डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.

डिसेंबर टाळायला आणखी कारणं आहेत. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करायला लाखो लोक दादरला येतात. त्यासाठीच जाणाऱ्याने तेव्हाच जावं, पण फिरायला आलेल्याला त्या दोन-तीन दिवसांत दादरमध्ये जागा मिळत नाही. नाताळापासून नवीन वर्षापर्यंत खोल्यांचे दर चढतात. आणि तुमच्या घरी तर सुगी आणि मळणी. ती आटोपून भात कणगीत पडेपर्यंत घरातून पाय निघत नाही, हे खानापुरात वाढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. जानेवारीच्या शेवटी जरा उसंत मिळते. फक्त म्हैस कधी व्यायची आहे ते आधी बघा. हसू नका, माझ्या माहितीतल्या तीन घरांच्या सहली म्हशीने रद्द केल्या आहेत. व्यायला आलेली म्हैस शेजाऱ्यावर सोडून कोणी समुद्र बघत नाही.

तिकिटाचं. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, पूर्वीसारखं १२० नाही. म्हणजे तुमची तारीख नोव्हेंबरच्या शेवटी उघडेल, ऐन सुगीत. वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, विसराल. बेळगावहून संध्याकाळी हुबळी-दादर गाडीत बसलं की सकाळी लवकर दादर. सासूबाईंसाठी खालचा बर्थ मागून घ्या. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मात्र २०२० साली बंद झाली, ती धरून हिशोब करू नका. स्लीपर बस बेळगावहून भरपूर आहेत, पण गुडघेदुखीच्या माणसाला वरच्या बंकवर चढवणं आणि रात्री-अपरात्री ढाब्यावर लघवीला उतरवणं हा छळ आहे. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांचं बसचं तिकीट फुकट असतं ते राज्यातल्या राज्यात. मुंबईच्या गाडीला ते चालत नाही. हे सांगावं लागतं, कारण आधारकार्ड पुढे करून वाद घालणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. (एकदा मीच होते, असो.)

आता खरा नाजूक भाग. दिरांचा मुलगा दहावीला. महाराष्ट्रात दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, त्याआधी पूर्वपरीक्षा, त्याआधी सराव. जानेवारीअखेर त्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा बेताने वाजत असणार. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत तुम्ही पाच माणसं उतरलात तर जाऊबाई तोंडावर काही म्हणणार नाहीत, पण मार्क कमी पडले तर तुमचं नाव वर्षभर निघेल. म्हणून तिथं मुक्काम नको. दादर-परळच्या बाजूला साधं लॉज बघा आणि तीन रात्री तिथं काढा. गाडीतून दादरलाच उतरता, लालबाग तिथून जवळ, आणि सासूबाईंना रोज डोंबिवलीच्या लोकलमध्ये चढवायचं संकट टळतं. पैसे जातील, पण गुडघ्यांवरचा खर्च समजा तो. दिरांकडे एका दिवशी जेवायला जा. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक किती वाजता आहे ते त्यांनाच विचारा, नाहीतर अर्धा दिवस फलाटावर जाईल. जाताना आपली बेळगावची मिठाई, कुंदा न्या. जानेवारीत तो रात्रभरच्या प्रवासात छान टिकतो, मे महिन्यात पुणे येईस्तोवर त्याला वास लागतो. बघा, इथंही थंडीच जिंकली.

हे दिरांना सांगायचं मालकांनी, तुम्ही नाही. भावाने भावाला सांगितलं की "पोराची दहावी आहे, म्हणून आम्ही बाहेर उतरतो" ही माया दिसते. वहिनीने सांगितलं की तेच आडवं लागतं.

फिरण्याबद्दल थोडंच सांगते, कारण सासूबाईंची यादी दोनच गोष्टींची आहे आणि ती वाढवू नये असं माझं मत. मुलांना राणीची बाग दाखवा, पेंग्विन बघून खूश होतील. बुधवारी ती बंद असते. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, आणि तिथल्या शंभरावर पायऱ्या सासूबाईंना झेपणार नाहीत. मालक आणि मुलं लाँचने जाऊन येऊ देत, तुम्ही दोघी गेटवेजवळ सावलीला बसा. सिद्धिविनायकाला मंगळवार सोडून कधीही जा. लोकलमध्ये बसायचंच असेल, आणि मुलं हट्ट करणारच, तर अकरा ते चारच्या मधे. आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली आहे. दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी सगळं त्यावर येतं, आत गारवा आहे आणि लिफ्ट आहे. माझ्या आईच्या वेळी हे असतं तर!

समुद्र संध्याकाळी दाखवा. त्या दिवसांत सूर्य साडेसहाच्या आसपास बुडतो. साडेपाचला टॅक्सीने गिरगाव चौपाटीवर जा, घरून नेलेली सतरंजी अंथरा आणि सासूबाईंना बसू द्या. फोटो नंतर. चप्पल काढून पाण्यात पाय घालायचे म्हणाल्या तर एका बाजूने तुम्ही धरा, दुसऱ्या बाजूने नात. ओल्या वाळूत गुडघा अचानक वळतो.

लालबागला सकाळी दहानंतर जा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. मामंजी त्यांतलेच एक. आज गिरण्यांच्या जागी मॉल आणि काचेचे टॉवर आहेत, एखादी चिमणी कुठंतरी उभी दिसते. सासूबाईंना ओळखीचं असं काही सापडलं तर ते मसाल्याच्या गल्लीत सापडेल. तिथं आपली संकेश्वरी मिरची पोत्यांतून मांडलेली असते, ब्याडगीच्या शेजारी. भाव विचारून त्या नक्की म्हणतील, "एवढ्याला? आमच्या बाजारात निम्म्याला मिळते." म्हणू द्या. मार्चपासून तिथं मिरच्या भाजण्या-कांडण्याचा जोर होतो आणि खकाणा उठतो, दम्याला तो चालत नाही. जानेवारीत गल्ली त्या मानाने शांत असते.

आणि खोली. हे काम आत्ताच करा, तिकिटाच्याही आधी. चाळीचं नाव, मजला, खोली नंबर सासूबाईंना विचारून लिहून घ्या. मामंजींची जुनी पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या ट्रंकेत असतील, त्यांवर पत्ता असेल. तो दिरांना पाठवा आणि एका रविवारी जाऊन बघून यायला सांगा. गणपतीचं आमंत्रण मागं पडल्याचा राग असलाच तर या कामाने जाईल, शेवटी वडिलांचीच खोली आहे ती. लालबाग-परळच्या कितीतरी चाळी पाडून तिथं टॉवर उभे राहिले आहेत. चाळ उभी असेल तर आत्ता कोण राहतं ते विचारून ठेवू देत, दोन मिनिटं आत बसू देतील का बघू देत. पाडली असेल तर ते सासूबाईंना गावातच, घरात, निवांत वेळी सांगा. त्या रिकाम्या जागेसमोर उभं राहून कळायला नको.